प्रकल्प बंद करताना

सॉफ्टवेअरचा प्रकल्प संपतो, त्याचा कोड अर्काइव्हमध्ये जातो आणि तिथून पुढे तो फक्त वाचता येतो. अशा वेळी आमच्या व्यवसायातल्या माणसाला सुटल्यासारखेही वाटते आणि हुरहूरही लागते. ही हुरहूर हळवेपणात जमा केली जाते; मला ती रास्त वाटते. सॉफ्टवेअर यंत्राच्या, भाषेच्या आणि जाणकार माणसांच्या आधाराने चालते, आणि अर्काइव्हमध्ये बहुधा एकटा कोडच जातो. बीबीसीच्या डोम्सडे प्रकल्पात हे लख्ख दिसते. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६मध्ये करवून घेतलेल्या जमीनपाहणीला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६मध्ये हा प्रकल्प साकारला. शाळकरी मुलांसह सुमारे दहा लाख लोकांनी आपापल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रे जमवली. ती लेसर डिस्कवर उतरली. पण डिस्क वाचायला बीबीसी मास्टर संगणक आणि फिलिप्सचा खास प्लेअर लागे, आणि प्रणाली लिहिली होती बीसीपीएल भाषेत. हा संच बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर होता. पुढे चालू स्थितीतले संच दुर्मीळ झाले. अखेर २००२मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर तयार केला, तेव्हा ती माहिती पुन्हा वाचता आली. २०११मध्ये बीबीसीने तिच्यातला लोकांनी लिहिलेला भाग वेबवर आणला. पुढे ती साइटही बंद होऊन ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब-अर्काइव्हमध्ये गेली. म्हणजे एकाच कामाला पुन्हा पुन्हा पूर्णविराम द्यावा लागला.

विल्यमच्या त्या पाहणीचा मूळ डोम्सडे ग्रंथ मात्र आजही वाचता येतो, म्हणून चर्मपत्रच बरे, असे कुणी म्हणेल. पण त्यातले संक्षिप्त लॅटिन जाणकारालाच लागते, आणि तो टिकला तो शतकानुशतके कुणी ना कुणी सांभाळला म्हणून. टिकाऊपणाचे श्रेय चर्मपत्राइतकेच त्या राखणीलाही आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळेच कशासाठी जपायचे? इंग्लंड आणि वेल्समधले, बाधिताच्या संपर्कात आल्याची सूचना देणारे एनएचएस कोविड-१९ ॲप एप्रिल २०२३मध्ये बंद झाले. त्याचा कोड आधीपासून सर्वांसाठी खुला होता, तो अभ्यासाला जपणे योग्यच. कोण कुणाच्या जवळ आले याच्या नोंदी मात्र फोनवरच राहत आणि ठरावीक दिवसांनी पुसल्या जात. तिथे पुसणे हाच चांगल्या रचनेचा भाग होता. डोम्सडेत उलट लोकांनी लिहिलेला मजकूर हाच ठेवा होता आणि प्रणाली हे त्याच्यापर्यंत पोचायचे साधन. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे प्रकल्पाच्या हेतूवरून ठरते. आणि तो हेतू करणाऱ्यांना नेमका आठवत असतो तोवरच ते ठरवणे सोपे असते.

म्हणून प्रकल्प बंद करणे हे शेवटच्या आठवड्यात उरकायचे काम नाही. कोड कोणत्या यंत्रावर चालतो, माहिती कोणत्या साच्यात आहे, हक्क कुणाचे आणि पुढची राखण कुणाकडे, हे पहिल्या आराखड्यातच लिहावे आणि त्यासाठी पैसेही तिथेच धरावेत. हुरहूर त्यानेही पुरती जाणार नाही, पण निदान तिचे कारण निष्काळजीपणा नसेल.