आधी लेकीला सांगायला हवं होतं

नवरा गेला तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलं होतं. वाशीमच्या मालेगाव तालुक्यातलं आमचं कोरडवाहू वावर, पदरात शाळकरी लेक. वारसनोंदीचं दीर म्हणाले, "वहिनी, मी पाह्यतो." मी एकदाही तलाठ्याकडे गेले नाही. सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावरच राहिला. मग बँक पीककर्ज कशाच्या जोरावर देणार? बियाण्यासाठी सावकाराकडे गेले, ते व्याज पुढे कितीतरी हंगाम फेडलं.

कर्ज अडलं ते वारसनोंदीपायी, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते हडंबावाल्यांनी, म्हणजे मळणीयंत्र चालवणाऱ्यांनी. तेही बायको गेलेले. आभाळ भरून आलं की त्यांचा हडंबा आधी माझ्या वावरात यायचा. पोती मोजताना ते माझ्याकडे नीट बघतही नसत. मी मात्र त्यांची वाट पाहू लागले होते. त्यांनी लग्नाचं विचारलं आणि मी नाही म्हणाले. मनात नव्हतं म्हणून नव्हे. जावा म्हणायच्या, "पाट लावला की वावर गेलं." मी कुणाला विचारलं नाही, खरं मानलं.

अखेर वाशीमला विधी सेवा प्राधिकरणात वकीलबाईंनी समजावलं. 1856च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात दुसरं लग्न करणारीचा नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. 1956च्या वारसा कायद्यापासून मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो, लग्नाने जात नाही. 2008मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. एका फेरीचं काम होतं, आणि मी त्या माणसाला नुसतं ताटकळत ठेवलं.

सगळ्यात मोठी चूक त्यानंतरची. मी त्यांना होकार दिला आणि आम्ही नोंदणी विवाहाचा अर्ज दिला. त्याची नोटीस तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते. लेक तेव्हा अकोल्याला कॉलेजात होती. परीक्षा झाली की सांगू, असं मी मनाला सांगत राहिले. खरं म्हणजे तिच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटत होती. गावातल्या कुणीतरी नोटीस वाचली आणि तिला फोन केला.

"तू लग्न करतं याचं दुःख नाही माय," ती म्हणाली, "लोकाइच्या तोंडून ऐकावं लागलं मले."

लग्नाला ती आली नाही. दिवाळीला आली, त्यांच्याशी बोलली. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला तिला फार वेळ लागला.

बायांनो, वारसाचा फेरफार स्वतः तलाठ्याकडे जाऊन करून घ्या. वावराचा धाक कुणी घातला तर वकिलाला विचारा. आणि मन कुणावर बसलं असेल, तर अर्ज देण्याआधी लेकराला जवळ बसवून सांगा.