अग्नीच्या शेजाराला

सिसिलीच्या उत्तरेस इओलियन ही सात ज्वालामुखी बेटे आहेत. चार स्नेही कुटुंबांनी मिळून भाड्याने घेतलेल्या आलिशान नौकेतून आम्ही ती पाहिली. लिपारीचा काचेसारखा काळा पाषाण, सालीनाचे द्राक्षमळे, व्हुल्कानोचा गंधकाचा दर्प मागे टाकून सायंकाळी आम्ही स्त्रोंबोलीसमोर आलो. ९२४ मीटर उंचीचा हा पर्वत थोड्या थोड्या वेळाने निखारे उधळतो. खलाशांनी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हटले आहे.

ती आतषबाजी पाहत असतानाच पायथ्याशी घराघरांत दिवे लागले. ३० डिसेंबर २००२ रोजी डोंगराचा उतार समुद्रात कोसळला, तेव्हा उसळलेल्या लाटा याच वस्तीवर आदळल्या होत्या. ३ जुलै २०१९ च्या स्फोटाने एका पदभ्रमण करणाऱ्याचा बळी घेतला. वारा फिरताच कप्तानाने नांगर उचलला. त्या घरांना नांगर नाही; आणि असता, तरी त्यांनी तो उचलला असता असे आम्हांस वाटले नाही.