ना श्तो झालुयेतेस?

देगलूर (जि. नांदेड)
५ ऑक्टोबर २०२५

चि. अश्विनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून आज रविवार, दवाखाना दुपारी बंद करून लिहायला बसलोय. पत्र हातानं लिहितोय. त्याचं कारण पुढं कळेल.

अक्कानं तुला पावसाचं काही सांगितलं नव्हतं, तरी तुला कळलंच. होय, सोयाबीन गेलं. शेंगांना झाडावरच मोड आले. दाजी रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन उभे राहतात नि काही न बोलता परत येतात. पण म्हणून तू रशियात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षात आहेस हे विसरून "इकडंच काम बघते, परत येण्याचं नंतर पाहू" असं ठरवू नकोस. बँकेचा हप्ता हा माझा नि अक्काचा विषय आहे. आधी माझं ऐक, मग तुझं तू ठरव.

मी २००२ ला रशियात त्वेरला गेलो तेव्हा आधी एक वर्ष नुसतं रशियन शिकवायचे. त्याला पोदफाक म्हणायचे. पुढं सगळं शिक्षण रशियनमध्येच. तुला इंग्रजी माध्यम मिळालं, ते सोपं म्हणून घेतलं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. १८ नोव्हेंबर २०२१ चा आपल्याकडचा नियमच इंग्रजी माध्यम मागतो. पण तोच नियम आणखी एक गोष्ट मागतो, आणि लातूरच्या कन्सल्टन्सीत बसून ती तुला कुणी नीट सांगितली नसेल. ज्या देशाची पदवी, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं डॉक्टरकी करण्याची पात्रता तुझ्याकडं हवी. आणि रशियात त्या पात्रतेचा रस्ता रशियनमधूनच जातो. वर्गात इंग्रजी आणि पेशंटजवळ रशियन, असं दुहेरी ओझं तुझ्या पिढीवर आहे. आमच्यावर ते नव्हतं.

तू विचारलंस, तिथं नोकरी मिळते का? मिळते. सहा वर्षं झाली की प्राथमिक अक्रेदितात्सिया द्यायची. आधी प्रश्नांची चाचणी, त्यात ७० टक्के हवेत, मग पुतळ्यांवर हाताची कामं, मग रुग्णांच्या केसेस सोडवायच्या. प्रश्नपेढी उघडी असते, आजही बघता येते, पण सगळी रशियनमध्ये. ती पास झालीस की पॉलिक्लिनिकमध्ये विभागाची डॉक्टर म्हणून लागता येतं. सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं तर पुढं ओर्दिनातुरा, ती दोन वर्षांची किंवा जास्त. आणि लाल डिप्लोमा, म्हणजे तीन-चतुर्थांश विषयांत सर्वोत्तम गुण नि बाकीच्यांत त्याखालोखाल, मिळाला तर राहण्याच्या परवान्यासाठी थेट अर्ज करता येतो. तुझे पहिल्या तीन वर्षांचे गुण मला पाठव, ते शक्य आहे का बघू.

आता माझं सांगतो. इंटर्नशिप संपल्यावर मी कागदांची पिशवी घेऊन चार पॉलिक्लिनिक फिरलो. तिसऱ्या ठिकाणी मुख्य डॉक्टरबाईंनी माझी पदवी बघितलीसुद्धा नाही. टेबलावरून एक कोरं कार्ड पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, बाहेर बाकावर एक आजी बसल्यात, त्यांची हकीकत घेऊन लिहून आणा. मी आजींशी बोललो. बोलणं बरं झालं. पण लिहायला बसलो नि हात अडकला. छापील रशियन मला फाडफाड वाचता यायचं, पण जोडून लिहिलेली अक्षरं वेगळीच. श, इ, म, ल, सगळी एकसारख्या उभ्या रेघा, नदीवरच्या लाटांसारख्या. मी पोराटोरांसारखं एकेक अक्षर सुटं काढलं. बाईंनी कार्ड वाचलं, घडी केली आणि प्रेमानंच सांगितलं की दिवसाला असे वीस पेशंट लिहायचे असतात, तुम्हाला एकाला अर्धा तास लागला. नोकरी मिळाली नाही.

त्या रात्री मी चौरेघी वही आणली. महिनाभर रोज चार पानं. चौथ्या ठिकाणी घेतलं.

तिथं विभागाच्या डॉक्टरकडं १७०० माणसं असतात. सकाळी पॉलिक्लिनिकमध्ये एकेकाला पंधरा मिनिटं, दुपारनंतर घरी जाऊन तपासायचं. पाच मजली इमारती, लिफ्ट नाही, बाहेर उणे वीस. दार उघडलं की बाबुश्का, म्हणजे आजी, आधी बूट काढायला लावणार, मग दाव्लेनिये सांगणार. आपल्याकडं म्हातारी माणसं जशी "बीपी वाढलंय" म्हणतात, तसंच अगदी. रशियन डॉक्टर पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, ना श्तो झालुयेतेस? म्हणजे, तुमची तक्रार काय? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला नांदेडच्या सरकारी दवाखान्याची ओपीडी आठवली. आपणही हेच विचारतो, काय तक्रार आहे.

पण तक्रारीचं उत्तर पुस्तकातल्या शब्दांत येत नाही. आपल्याकडं दुखणं नुसतं दुखत नाही. ते ठणकतं, टोचतं, भगभगतं, कळ मारतं, चमक निघते, अंग आंबून जातं. त्यांच्याकडंही तसंच आहे. कोलेत म्हणजे टोचतंय, नोयेत म्हणजे बारीक ठणक लागलीय, लोमित म्हणजे हाडं मोडून आल्यासारखी, दावित म्हणजे दाबल्यासारखं, झ्झोत म्हणजे जळतंय. छातीला हात लावून कुणी दावित म्हणालं आणि कुणी कोलेत म्हणालं, तर माझ्या डोक्यात दोन वेगळे आजार उभे राहायला हवेत. तुझ्या वर्गात हे सगळं एका "पेन" या शब्दात संपतं. अश्विनी, तुझी खरी कमाई या पाच-दहा शब्दांत आहे. ते वॉर्डातच मिळतात.

आणि एक आनंदाची गोष्ट सांगतो. तिथं डॉक्टरला नाव आणि वडिलांचं नाव घेऊन हाक मारतात. परदेशी पोरांची इथं पंचाईत होते. आपली होत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर तुझं आडनाव, नाव, वडिलांचं नाव ज्या क्रमानं छापलंय, त्याच क्रमानं रशियन कागद चालतात. आमची हेड नर्स मला विठ्ठल माणिकोविच म्हणायची. आबांचं नाव तिच्या तोंडून ऐकलं की मला वाटायचं, आबाच कॉरिडॉरमध्ये येऊन उभे राहिलेत. तू अश्विनी माधवोव्ना होशील. दाजींना हे वाचून दाखव.

तीन वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तिथं परीक्षा देऊन नर्सच्या जागेवर काम करता येतं. २०२० पासून पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अभ्यासातून उरलेल्या वेळात कामाला वेगळा परवानाही लागत नाही. तुझं "काम बघते" हे यात बसतं. घरी पैसे पाठवायला नको, ते मी बघतो. रशियनसाठी कर. आठवड्याला दोन रात्री. जास्त नाही.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो. तीन वर्षं मी तिथं नोकरी केली, आणि गावात सगळे म्हणायचे, माणिकरावांचा पोरगा रशियात डॉक्टर आहे. कुणाला माहीत नव्हतं की मधल्या सुट्टीत येऊन मी स्क्रीनिंग, म्हणजे परदेशी पदवीवाल्यांची आपल्याकडची परीक्षा, दिली होती आणि तीनशेत १५० लागतात तिथं मला १४१ पडले होते. मी तिथं आवडीनं राहिलो असं सांगायचो. खरं म्हणजे दिल्लीच्या त्या निकालाला घाबरून राहिलो. आबा आजारी पडले तेव्हाही पुढच्या तारखेची वाट बघत बसलो. ते गेल्यावर आलो. दुसऱ्यांदा पास झालो, पण कुणासाठी?

म्हणून एवढंच मागतो. तिथं राहायचं तर तिथल्या माणसांसाठी राहा. परीक्षेची भीती असेल तर ती मला फोन करून सांग, तिच्यावर नोकरीचं पांघरूण घालू नकोस. लातूरला ट्यूशन एरियातल्या त्या खोलीत दोन वर्षं तू चार पर्यायांतून एक निवडायला शिकलीस. स्क्रीनिंगचे तीनशे प्रश्न तसेच आहेत, ते तुला जमतील. औषधशास्त्र आत्तापासूनच उजळत ठेव, म्हणजे शेवटी धाव लागणार नाही.

तुझ्या मैत्रिणीचा भाऊ स्क्रीनिंग व्हायच्या आधीच एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला बसतो, आणि महिन्याचे पैसे बरे मिळतात, असं तू लिहिलंस. त्याच्याकडं वैद्यकीय परिषदेची नोंदणी नाही. पहाटे तीनला कुणी झटके येणारं लेकरू घेऊन आलं आणि काही झालं, तर त्याच्या नावावर काय आहे? डॉक्टरांचा तुटवडा आपल्या जिल्ह्यात आहेच, त्याचा फायदा घेणारेही आहेत. तू त्या खुर्चीवर बसायचं नाही. मी मामा म्हणून हे बजावतोय.

इथं माझ्याकडं निम्मे पेशंट तेलुगू बोलतात, काही कन्नड, तांड्यावरचे गोरमाटी. आलो तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं. टेबलाच्या खणात एक वही आहे, तिच्यात दुखण्याचे शब्द चार भाषांत लिहिलेत. पहिली आठ पानं रशियन आहेत. त्यांचे फोटो आज रात्री पाठवतो, खाली जागा सोडलीय, तुझे शब्द भर.

आणि हो, वॉर्डातल्या एका पेशंटची हकीकत रशियनमध्ये लिहून पाठव. नाव घालू नकोस. हातानं लिही, जोडून. मी लाल पेनानं तपासून परत पाठवीन.

आजी विचारते, तिकडं ज्वारी मिळते का. नाही म्हणालो, तर तिनं पिठाची पिशवी बांधून ठेवलीय. नोव्हेंबरात कंधारचा एक पोरगा परत तिकडं निघालाय, त्याच्याबरोबर देतो.

तुझा,
विठ्ठलमामा