दोघांपुरती मराठी

छावणीत राहणाऱ्या माणसाने परदेशी राहण्याचे फारसे अप्रूप सांगू नये. खाम नदीच्या अलीकडची ही आमची वस्ती मुळातच परक्यांची. फौजेबरोबर शिपाई आले, शिपायांमागे वाणी, धोबी, शिंपी, खानसामे आले. आधी तंबू, मग बराकी, मग घरे असा हा प्रवास. आजही गुरुवारच्या बाजारात मराठी, दखनी आणि हिंदी एकाच तराजूत तोलल्या जातात. तरीही ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१५ हे वर्ष आम्ही दोघांनी चीनमधल्या कुनमिंग शहरात काढले, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. कारण त्या वर्षी आम्हांला आमच्याच विषयाबद्दल, म्हणजे मराठीबद्दल, एक गोष्ट कळली. ती एम.ए.च्या कोणत्याही पेपरात नव्हती.

आमच्यापैकी एकाने मराठीबरोबर हिंदीतही एम.ए. केलेले. तिथल्या एका विद्यापीठात वर्षभर हिंदी शिकवण्याचे काम मिळाले, आणि दुसऱ्याने बिनपगारी रजा टाकली. कोलकात्याहून कुनमिंग विमानाने अडीच तास. आम्हांला औरंगाबादहून मुंबईला रेल्वेने जायला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. चीन इतका जवळ असेल असे वाटले नव्हते.

पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात राहत्या जागेची नोंद करायची असते. ती झाली आणि संसार सुरू झाला. पहिला पराभव वरणाचा. शहर समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते आणि डाळ काही शिजत नाही. घरून नेलेल्या कुकरने अब्रू राखली. तूरडाळ मिळेना, मूग मात्र मुबलक. बाजारात शेळीच्या दुधाच्या पनीरसारख्या वड्या मिळत. कोथिंबीर आणि पुदिन्याच्या जुड्या पाहून तर छावणीच्या बाजारातच उभे असल्यासारखे वाटे.

दुसरा पराभव घड्याळाचा. एवढ्या अवाढव्य देशात वेळ एकच, पेइचिंगची. कुनमिंग पार नैर्ऋत्येला, म्हणून हिवाळ्यात सकाळचे आठ वाजत आले तरी उजाडलेले नसे. पहिल्या तासाला निघावे तर रस्त्यावर दिवे. घरी फोन करावा तर तिथे साडेपाच. आई मात्र जाग्या असत. या आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात का?" पहाटे साडेपाचलाही हाच.

गंमत अशी की इमारतीच्या फाटकावरचा रखवालदारही भेटताच हेच विचारी. चिनी माणसांत ही विचारपूस जुनी आहे. आम्ही सुरुवातीला प्रामाणिकपणे काय काय जेवलो ते सांगत बसायचो! मग हळूहळू कळत गेले. वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आईचा भाऊ त्याहून वेगळा. इंग्रजी एका 'अंकल'मध्ये जे कोंबते, त्याला चिनीत आपल्यासारखेच निरनिराळे शब्द. 'मामा' म्हणजे मात्र आई. चहाला त्यांचा शब्द 'छा', आपला चहा तिकडचाच. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांना आम्ही महाराष्ट्राचे म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना त्यातून काही बोध झाला नाही. क्षणभराने त्यांनी विचारले, "के दिहुआ?" आणि दोन्ही हात जोडले. हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे चिनी नाव.

डिसेंबरात फोन आला. आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया ठरली. मोठ्या ताई येऊन राहिल्या होत्या. एकाचे म्हणणे, लगेच निघू. दुसऱ्याचे म्हणणे, परीक्षा तोंडावर आहेत, करार मोडेल, आणि ताई आहेत ना. कोण काय म्हणाले ते आजही आम्ही इतरांना सांगत नाही. शब्द वाढले आणि मग बोलणेच थांबले. चार दिवस.

या चार दिवसांत वर्गात हिंदी होती, बाजारात मोडकी चिनी होती, ताईंशी फोनवर दोन-दोन मिनिटे होती. पण घरात, समोरासमोर, मराठी नव्हती. त्या शहरात आम्हांला दुसरे मराठी माणूस ठाऊक नव्हते. भाषा समाजाची असते, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो. आमचा समाज दोन माणसांचा होता आणि ती दोन माणसे बोलत नव्हती. पाचव्या दिवशी एकजण म्हणाला, "पाणी तापलंय." दुसरी म्हणाली, "बरं." भांडण मिटले नव्हते, पण भाषा परत आली. आम्ही दोघेही गेलो नाही. शस्त्रक्रिया आमच्याविना पार पडली.

त्या रात्री कोटणीस आठवले. काँग्रेसने १९३८ साली पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ते चिनी शिकले, १९४१मध्ये कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, यातला 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटात युद्ध आहे, त्याग आहे. आमच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. कामाच्या धबडग्यातून घरी परतल्यावर, थकव्यात किंवा आनंदात, आतून उमटलेला मराठी शब्द ते कुणाला सांगत असतील? आमच्याजवळ निदान भांडायला मराठी माणूस होते.

जुलैत परतलो. आई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. का आला नाहीत, असे त्यांनी विचारले नाही. तेव्हाही नाही आणि पुढे दीड वर्षाने गेल्या तोपर्यंतही नाही. जेवलात का, हे विचारले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "तिकडं बोलायला कोण होतं रे तुम्हाला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या.