पाषाणभेद कोणता?

मूतखड्याचा विकार आपल्या मंडळींस नवा नाही. परंतु हजीऱ्यास राहावयास आल्यापासून त्याची गाठ आम्हांस वरचेवर पडू लागली. सुरतेपलीकडे तापी समुद्रास मिळते तेथे हे गाव. नदी खानदेशातून येते, आणि तिच्या वाटेने खानदेशचा माणूसही सुरतेस उतरला आहे. येथल्या खताच्या व पोलादाच्या कारखान्यांत राबणारा मनुष्य दिवसभर घाम गाळतो. गेलेल्या पाण्याची भरपाई झाली नाही म्हणजे लघवी दाट होते व तीतील क्षारांचे स्फटिक बनू लागतात. १९७८ साली नडियादला खास मूत्ररोगांसाठी रुग्णालय उभे राहिले, यावरून गुजरातेत हे दुखणे किती रुजले आहे याची कल्पना यावी.

कोणाच्या कुशीत कळ उठली, की औषध सुचविणाऱ्यांचा तोटा नसतो. ती ऐकून ऐकून आम्ही या वनस्पतींचा शोध घ्यावयाचे ठरविले. काही ग्रंथांत, काही काष्ठौषधींच्या दुकानी, आणि काही प्रत्यक्ष मातीत.

मातीत प्रथम भेटला तो सराटा, म्हणजेच गोखरू. रेताड जागी जमिनीसरशी पसरणारा हा वेल पिवळ्या फुलांनी ओळखता येतो. ती न दिसली तर त्याची काटेरी फळे वहाणेत रुतून स्वतःची ओळख देतात. दुसरा वायवर्ण. बेलासारखी त्रिदळे असलेला हा वृक्ष देवळांच्या आवारात आढळतो, व कोकणात त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही करतात. संस्कृतात त्याचे नाव वरुण. जलदेवतेचे नाव मूत्रविकारावरील वृक्षास मिळावे हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. तिसरा कुळीथ. त्याची पिठी किंवा सार आपल्या कोकणी वाचकांच्या घरी आजारपणावाचूनही होते!

घोटाळा झाला तो पाषाणभेदाशी. निघंटूंतील या नावाने दुकानी बहुधा हिमालयातील खडकांवर उगवणाऱ्या एका वनस्पतीचे मूळ मिळते. परंतु कोणी पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतो, कोणी पानओव्याला, तर कोठे कापूरमाधुरीचे मूळ त्याच नावाने विकले जाते. चारही वनस्पती निरनिराळ्या कुळांतल्या! खडा फोडण्याचा गुण नावात आहे. तो नेमका कोणाच्या अंगी, हे मात्र नाव सांगत नाही.

नावाची चूक किती महाग पडते याचे उदाहरण बेल्जममध्ये घडले. १९९०च्या सुमारास तेथे वजन उतरविण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत एकीच्या जागी दुसरी, आपल्या सापसणीच्या जातकुळीतली, वनस्पती पडली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. आपल्याकडची बिंबले व करमले आमटीत पडतात तोवर निरुपद्रवी; पण औषध म्हणून त्यांचा रस पेलाभर प्याल्यास त्यातील ऑक्झॅलिक आम्ल मूत्रपिंडास इजा करू शकते. बहुसंख्य खडेही कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात.

मग प्राचीनांनी हे सारे उगीच लिहिले काय? तसे नव्हे. सुश्रुताने अश्मरीची निदाने व चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितली. ती वाचताना दोन गोष्टी आमच्या ध्यानी आल्या. एक, त्याचे वर्णन मुख्यतः बस्तीतील, म्हणजे मूत्राशयातील, खड्याचे आहे व तो मुलांत अधिक होतो असे तो म्हणतो. आज आपण पाहतो तो प्रौढांच्या मूत्रपिंडातला. दुसरी अधिक मोलाची. खडा नवा असता औषधाने साध्य होतो, वाढला की शस्त्रच हवे, अशी मर्यादा त्यानेच घालून दिली. गोखरू, वरुण यांचे अर्क काचनळीत स्फटिकांची वाढ रोखतात असे प्रयोगांत दिसले आहे. पण माणसांत मोठा खडा त्यांनी विरघळतो असा भक्कम पुरावा नाही.

ही मर्यादा ओलांडल्यास काय होते ते आम्ही शेजारी पाहिले. एका कामगार गृहस्थांनी कळ येताच पानफुटीचा रस सुरू केला. आठवड्याने कळ थांबली. औषध लागू पडले म्हणून त्यांनी आणखी दोघांस पाने वाटली. चार महिन्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा खडा मूत्रवाहिनीत तसाच अडकलेला, आणि वरचे मूत्रपिंड फुगलेले आढळले. शस्त्रक्रियेने खडा निघाला. मूत्रपिंडाची गेलेली शक्ती मात्र पुरती परतली नाही. वेदना थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे, हे त्या घराने फार मोल देऊन जाणले.

पाच मिलिमीटरांहून लहान खडे पुष्कळदा आपोआप पडतात, व त्याचे श्रेय त्या आठवड्यात घेतलेल्या पाल्यास मिळते. म्हणून आधी तपासणी, मग उपचार. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, जेवणात मीठ कमी, लिंबाचे सरबत बेताच्या साखरेचे. दूधदही मात्र सोडू नये. कळीबरोबर ताप किंवा थंडी आली, अथवा लघवी बंद झाली, तर काढा उकळत न बसता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. आणि काढा घेतच असाल तर ते डॉक्टरांस सांगावे, लपवू नये.

आपल्या देवस्थानांस एक विनंती. आवारात वायवर्ण असेल तर जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून त्याची ओळख पटवून घ्यावी, आणि मराठी, कोंकणी व शास्त्रीय अशा तिन्ही नावांची पाटी त्याच्यापाशी लावावी.