पाणी कुठं मुरतं?

'इथं कुठंतरी पाणी मुरतंय!' असं मोठी माणसं म्हणतात, तेव्हा त्यांना कसला तरी संशय आलेला असतो. पण मुलांनो, आमच्या दुष्काळी भागात काळजी नेमकी उलटी. इथं पाणी मुरतच नाही! मार्च सरला की माझ्या चौथीच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढते, आणि ती बहुतेक मुलींची असते. "बाई, विहीर आटली. आईबरोबर पाण्याला गेले होते," असं सांगणाऱ्या पोरीला रागवायचं तरी कसं?

म्हणून वर्गात आम्ही एक गणित करतो. एक गुंठा जमीन, वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. किती पाणी पडलं? उत्तर येतं सुमारे ४० हजार लिटर! पंधरा लिटरचा हंडा धरला, तर अडीच हजारांहून जास्त हंडे. पोरं डोळे मोठे करतात. "मग बाई, एवढं पाणी जातं कुठं?"

त्यासाठी एक प्रयोग. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या आडव्या ठेवून त्यांची वरची बाजू कापायची. एकीत नुसती माती भरायची, दुसरीत मुळांसकट गवताची ढेकळं. दोन्हींची तोंडं उताराकडे करून झारीनं सारखंच पाणी घालायचं. उघड्या मातीतून लगेच गढूळ लोंढा येतो. गवताच्या बाटलीतून पाणी उशिरा येतं, कमी येतं आणि बरंच नितळ असतं.

असं का? थेंब उघड्या जमिनीवर आपटला की मातीचे बारीक कण उडतात आणि तिचीच छिद्रं बुजवतात. मग पाणी वरच्या वर पळतं. गवत मात्र तो मार स्वतःच्या अंगावर घेतं. कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या राहतात, गांडुळं बोगदे करतात, पालापाचोळा कुजून माती भुसभुशीत होते. तिच्यातून पाणी सावकाश खाली मुरमात उतरतं. त्याखाली आपला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणजे आपली जमिनीखालची टाकी लहानच. ती दर पावसाळ्यात भरावी लागते.

"मग खूप झाडं लावली की विहीर भरेल?" हा प्रश्न हमखास येतो. पण तेवढं सोपं नाही हं! झाडंसुद्धा पाणी पितात आणि पानांवाटे वाफेच्या रूपानं हवेत सोडतात. कोरड्या जमिनीत भराभर वाढणारी झाडं दाटीनं लावली, तर पाण्याची पातळी खालीही जाऊ शकते. म्हणून आधी उताराला आडवे समतल चर, मग गवत, मग तिथल्या मातीत रुजणारी झुडपं आणि झाडं. शिवाय विहिरीतून उपसा किती करायचा, याचाही हिशेब हवाच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं. तिथला पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं श्रमदान केलं, डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. गुरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून घरी आणायचं. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, उसासारखी पाणीखाऊ पिकं टाळायची. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची. ज्या गावातून माणसं पोटासाठी बाहेर जात होती, तिथं ती परत आली.

गवत वाढलं डोंगरावर, पाणी वाढलं पायथ्याच्या विहिरींत! म्हणून मुलांनो, विहिरीत डोकावताना वरच्या टेकडीकडेही बघा. ती बोडकी असेल, तर हा बाटल्यांचा प्रयोग घरी आई-बाबांना, आजोबांना करून दाखवा. चर खणायचे असतात ते पावसाळ्याआधी, तेव्हा उशीर करू नका.