मोतीचं पोट

बहरीनमधल्या मआमीरची पहाट आधी नाकाला कळते. वारा रिफायनरीकडून असला की तेलाचा उग्र दर्प, समुद्राकडून असला की खारट ओल. मी मात्र त्या वेळी मोबाइलचा टॉर्च घेऊन माझ्या कुत्र्याच्या, मोतीच्या मागे असते, आणि तो बसून उठला की वाकून बघते. शी बांधून झाली का? रंग पिवळट तर नाही ना? वर तेलकट चकाकी? डॉक्टरांकडे यासाठी एक ते सात अंकांचा तक्ता असतो. तो आता मला तोंडपाठ आहे. दोन-तीनचा आकडा आला की दिवस चांगला जाणार.

मोती अस्करच्या आश्रयगृहातून आला. अस्कर इथून किनाऱ्याने खाली, ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या बाजूला. ते चालवणारी बीएसपीसीए ही संस्था 1979 पासून बहरीनमध्ये टाकलेल्या, भटक्या, जखमी प्राण्यांना सांभाळते आहे. पोट नाजूक आहे, हे तिथल्या मुलीने कागदावर सही घेण्याआधीच सांगितलं. लांब पाय, चिंचोळं तोंड, आत ओढलेलं पोट. अंगात सालुकी जातीचं रक्त नक्की आहे. आपल्याकडचा कारवानी कुत्रा याच्याच गोतातला, व्यापारी-सैनिकांबरोबर दख्खनेत उतरलेला, असं मानतात. साताऱ्याच्या माळावर मेंढरांबरोबर धावणारी तसली कुत्री मी लहानपणी पाहिली आहेत. म्हणूनही असेल, तो मला पहिल्या भेटीत परका वाटला नाही.

तो खायचा, खायचा, आणि वाळतच जायचा. ताटली चाटून पुसून झाली की भिंतीचा पोपडा चाटायचा. बाहेर नेलं की घाणीत तोंड घालायचा. आधी जंताचं औषध झालं. मग जिआर्डियासाठी एकाआड एक दिवस शी तपासली, कारण ते जंतू रोजच्या शीत सापडतीलच असं नसतं. शेवटी उपाशीपोटी रक्त काढलं, तेव्हा उलगडलं. त्याच्या स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे येतच नाहीत. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही. भरल्या ताटापुढे उपासमार! हे बरं होत नाही, सांभाळावं लागतं. डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली भुकटी प्रत्येक जेवणात कालवायची, तीही आयुष्यभर. शिवाय बी-12 ची इंजेक्शनं, कारण अशा कुत्र्यांच्या अंगात ते जीवनसत्त्वही नीट शोषलं जात नाही.

आता स्वयंपाकघरात पहिलं काम त्याचं. कोमट पाण्यात भिजवलेलं खाणं, त्यावर मापाचा चमचा भुकटी, मग ढवळणं. भुकटीचा वास आंबूस, जरा मांसाचा. मोती दारात बसतो आणि सगळं अंग त्या चमच्याकडे लावतो. त्या वेळी त्याच्या कानांची टोकं थरथरतात.

आईला हे फोनवर पटवणं अवघड गेलं. ती म्हणायची, "अगं, दहीभात घाल, वर चमचाभर साजूक तूप. पोरगं कसं गुटगुटीत होईल बघ." भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट तिनेच मला सांगितली होती. ती गोष्ट ऐकून वाढलेल्या हाताला तुपाचं बोट आखडतं घेणं जड जातं. सणाला पुरणपोळीवर तूप पडतं, तो माझ्या गुडघ्याला नाक लावून बसतो, आणि मी देत नाही. जिवावर येतं. पण त्या एका चमच्याची किंमत रात्रभर तोच मोजेल.

शेजारचे हाजी कुत्र्याला हात लावत नाहीत, त्यांच्या धर्माचारात ते बसत नाही. पण रोज फाटकाशी थांबून स्वतःच्या पोटावर गोल हात फिरवतात आणि भुवया उंचावतात. मी मान डोलावली की "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणून पुढे जातात. उन्हाळ्यात बहरीनमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या दिवसांत त्यांनी आपल्या भिंतीच्या सावलीत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी पाण्याचं घमेलं ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आखातात नोकरीचा करार संपला की माणसं घरचं सामान विकतात, आणि काहीजण कुत्रं वाळवंटाच्या कडेला सोडून जातात. मोतीच्या पोटाला तर बाहेर एक आठवडाही झेपणार नाही. माझ्या नवऱ्याचा करार पुढे वाढेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून मायक्रोचिप, रेबीजची लस, भारतात न्यायची परवानगी, सगळ्याची फाईल मी आत्ताच लावायला घेतली आहे. आईला त्याच्या खाण्याचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलंय, आणि पुण्यात ती भुकटी कुठल्या दुकानात मिळते याची चौकशी भाऊ करतो आहे.